त्रैमासिकाची चार मुखपृष्ठं एका मालिकेतली कशी दिसतील?

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून तुम्ही आणि तुमचे मित्र वाङ्मयीन त्रैमासिक काढता. दोन वर्षांत आठ अंक निघाले. डेमी आकार (साडेपाच × साडेआठ इंच), ६४ पानं, ५०० प्रती, छपाई अमरावतीला. एका जुन्या वर्गणीदारानं आठही अंक टेबलावर मांडले आणि विचारलं, "काहून हो सर, हे सारे एकाच मासिकाचे आहेत काय?" ते तुम्हाला लागलं. आता तिसऱ्या वर्षापासून चारही अंक एका घरातले दिसावेत असं तुमच्या मनात आहे. चौकट तीच ठेवून दर अंकाला फक्त रंग बदलला तर भागेल का, चित्रांना विषय कोणता घ्यावा, अंकातल्या मुख्य कथेवरच चित्र असावं हा दोन संपादकांचा आग्रह मानावा का, आणि चित्रकाराला द्यायला पैसे नसताना हे सगळं कसं जमवावं, असं तुम्ही विचारलंय.

आठही मुखपृष्ठांचे फोटो पाहिले. सुटी सुटी पाहिली तर त्यातली तीन-चार चांगलीच आहेत. पळसाचं तर मला फार आवडलं. तेव्हा चित्रं वाईट आहेत म्हणून मालिका होत नाही, असं काही नाही. तुमच्याकडे दर तीन महिन्यांनी सगळं शून्यापासून सुरू होतं, ही खरी अडचण आहे. मजकूर लागला, मुद्रितं तपासून झाली, प्रेसमधून फोन आला की "कव्हर कुठाय?" मग ग्रुपवर सहा जण सहा फोटो टाकतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा फोटो लागतो. हे मी अंदाजानं लिहितोय, पण तालुक्याच्या गावांतून निघणाऱ्या अंकांची कव्हरं मी बरीच वर्षं करतोय आणि हा प्रकार बहुतेक ठिकाणी असाच पाहिलाय. अंकाचं नाव कधी लाल, कधी पांढरं, त्याला एकदा सावली, एकदा सोनेरी कड, सहाव्या अंकावर तर ते तिरपं झालंय. कोणी मुद्दाम बदललं नाही. त्या त्या रात्री ज्यानं फाईल केली त्याला जे बरं वाटलं ते त्यानं केलं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की चारही मुखपृष्ठं वर्षातून एकदा, एकाच बैठकीत ठरवा. नुसता विषय ठरवून उठू नका. चारही प्रत्यक्ष तयार करून, खऱ्या आकारात छापून, जमिनीवर शेजारी शेजारी मांडा. एकेक कव्हर बघताना माणूस चित्र बघतो. चार एकत्र बघितली की कोणतं नाव दोन बोटं खाली आलंय, कोणता रंग बाकीच्यांना दाबतोय, ते आपोआप दिसतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमच्याकडे वर्षानुवर्षं एकच हात असेल तर नियमांची गरजच नसते. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी 'ललित' मासिकाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं कित्येक वर्षं केली. तिथे रेषाच ओळख होती, चौकट कोणी शोधली नाही. तुमच्याकडे असा एक हात नाही, म्हणून त्याची जागा नियमांनी भरून काढावी लागेल. दुसरं, तुमचा अंक बहुतेक वर्गणीदारांना जातो. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर विकायचा असता तर मी वेगळं सांगितलं असतं. तिथे लांबून ओढणारं, मोठ्या मजकुराचं कव्हर लागतं. आणि तिसरं, दिवाळी अंक तुम्ही जाड काढता की नेहमीसारखाच, यावरही थोडं ठरेल. त्याचं पुढे बोलतो.

चौकट तीच, रंग वेगळा, या तुमच्या कल्पनेचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्लंडमधली पेंग्विनची १९३५ सालची पुस्तकं. तीन आडवे पट्टे, कादंबऱ्यांना नारिंगी, रहस्यकथांना हिरवा, चरित्रांना निळा. पण तिथे रंगाला अर्थ होता. नारिंगी दिसलं की वाचकाला कळायचं, ही कादंबरी. तुमच्या अंकात जानेवारीला निळा आणि एप्रिलला हिरवा असेल, तर तो निळा काय सांगतो? काहीच नाही. नुसता रंग बदललेली चार कव्हरं एका मालिकेतली वाटतील हे खरं, पण वर्गणीदाराला मागचा अंक कोणता आणि नवा कोणता हेच कळणार नाही. "हा अंक तर आला होता" असं म्हणून तो पाकीट बाजूला ठेवेल. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या अंकाबाबत नेमकं हेच झालं होतं. तेव्हा नुसता रंग पुरत नाही. काही गोष्टी अजिबात हलवायच्या नाहीत आणि एक गोष्ट मोकळी सोडायची, ती इतकी मोकळी की दर अंक नवा वाटलाच पाहिजे. अमेरिकेतल्या 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकाची गंमत बघा. १९२५ पासून आजवर डाव्या कडेचा उभा पट्टा आणि नावाची अक्षरं जवळजवळ तीच आहेत. उरलेल्या जागेत चित्रकाराला हवं ते करू देतात.

तुमच्यासाठी न हलणाऱ्या गोष्टींत पहिला मान अंकाच्या नावाचा. इथे जरा थांबतो, कारण देवनागरीत नाव बसवणं हा वेगळाच उद्योग आहे. इंग्रजी मोठ्या अक्षरांची वरची आणि खालची कड सरळ असते, पट्टीत घातली की बसली. आपल्याकडे शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. तुमच्या नावात वरही आहे आणि खालीही आहे. म्हणून ते कधी चित्रात घुसतं, कधी वरच्या कडेला चिकटतं. उपाय असा की नाव वरच्या कडेपासून मोजायचं नाही, शिरोरेखेपासून मोजायचं. डेमीच्या कव्हरची उंची साडेआठ इंच, म्हणजे साधारण २१.६ सेंमी. शिरोरेखा वरून ३ सेंमीवर ठेवा आणि ती तिथून कधीच हलवू नका. वरच्या ३ सेंमीत वेलांट्या मोकळ्या राहतील, खाली उकारापुरती जागा सोडून चित्र सुरू होईल.

आणि शिरोरेखा ही आपल्याला फुकट मिळालेली वस्तू आहे, ती वापरा. ती नावापुरती न थांबवता दोन्ही कडांपर्यंत ओढा आणि घडीवरून मागे मलपृष्ठावरही न्या. सगळ्या कव्हराभोवती एकच सलग रेघ. चार अंक शेजारी ठेवले की रेघ एका अंकातून दुसऱ्यात जाते. मात्र ही रेघ बारीक ठेवू नका. बायंडरच्या कटिंगमध्ये एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच, बारीक रेघ असेल तर ती तुटक दिसते. तीन-चार मिलिमीटर जाड असली की हे खपून जातं.

नावाची अक्षरं फाँटमधून घ्यावीत की काढून घ्यावीत? माझं मत काढून घ्यावीत. अक्षररचनाकार कमल शेडग्यांनी केलेली नाटकांची शीर्षकं आठवा, नाव वाचायच्या आधी ओळखू यायची. तुमच्याकडे शेडगे नाहीत, पण तालुक्याच्या गावात दुकानांच्या पाट्या रंगवणारा एखादा पेंटर अजून असेलच. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्याकडे काम कमी आहे, हात मात्र गेलेला नाही. त्याच्याकडून पांढऱ्या कागदावर काळ्या रंगात नाव मोठं लिहून घ्या, पाच-सहा तऱ्हा करायला सांगा, त्यातली एक निवडा. त्याला नीट पैसे द्या आणि अंकात त्याचं नाव छापा. मग ते ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून कोरेल या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करून ठेवायचं. एकदाचा खर्च, पुढे कायमचं काम.

फाँटच घ्यायचा झाला तर तीन गोष्टी तपासा. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, कारण बऱ्याच फाँटमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. दुसरं, 'वऱ्हाड', 'पऱ्हाटी', 'धुऱ्यावर' हे शब्द टाइप करून बघा. आपल्या भागाच्या अंकात हे शब्द सारखे येणार आणि तो अर्धा र नेमका पुष्कळ फाँटमध्ये मोडतो. तिसरं, परवाना. मुक्त, बालू, तिरो देवनागरी मराठी हे मोफत वापरता येणारे आहेत आणि चांगले आहेत. कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेला फाँट मुखपृष्ठावर घेऊ नका. आणि सावली, सोनेरी कड, आतून फुगवलेली अक्षरं हे सगळं बंद.

नावाखालची ओळ, म्हणजे महिने, वर्ष, अंक क्रमांक, किंमत, ही सगळी एकाच ठिकाणी, एकाच आकारात. ती कव्हरच्या तळाशी घ्या. का, ते छपाईकडे आल्यावर कळेल.

आता चित्र, म्हणजे मोकळी सोडायची गोष्ट. तिथे पहिला मोह विषय ठरवण्याचा असतो. 'यंदा शेती', 'यंदा स्त्री', 'यंदा निसर्ग'. विषयानं मालिका होत नाही. शेतीवरचे चार फोटो चार जणांनी काढले, एकानं लांबून, एकानं जवळून, एकानं भर दुपारी आणि एकानं ढगाळ हवेत, तर ते चार वेगळेच दिसणार. मालिका होते ती बघण्याच्या पद्धतीनं. किती अंतरावरून, कोणत्या कोनातून, कोणत्या उजेडात आणि चित्रात किती वस्तू, एवढं ठरलं की वस्तू कोणतीही घ्या, ती त्या मालिकेतलीच दिसते.

तुम्हाला एक नमुना सुचवतो, आवडला तर घ्या. चारही अंकांवर एकेक पृष्ठभाग. सरळ वरून काढलेला फोटो, पूर्ण जागा भरलेली, माणूस नाही, आकाश नाही. जानेवारी-मार्चला घरात साठवलेला कापूस. एप्रिल-जूनला अंगणात वाळत घातलेली मोहफुलं. जुलै-सप्टेंबरला पावसात भिजलेले, शेवाळलेले छपरावरचे कवेलू. ऑक्टोबर-डिसेंबरला दिवाळीच्या आधी शेणानं नुकताच सारवलेला ओटा, ज्यावर सारवणाऱ्या हाताच्या अर्धगोल खुणा राहतात. चारही तुमच्या गावाच्या आसपास मिळतील. साध्या मोबाइलनं निघतील, खर्च शून्य. तुम्ही पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले असता, वडसा-आरमोरीकडचे, तर कापसाच्या जागी धान आलं असतं, हाही फायदा की हे कव्हर बघून कोणालाही कळतं की हा अंक कुठून निघतो.

भेगाळलेली जमीन मी मुद्दाम घेतली नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात, दिसायला ते सुंदरच आहे. पण विदर्भ म्हटलं की मुंबई-पुण्याच्या छापील पानांवर तोच फोटो इतक्यांदा येऊन गेलाय की वाचक पुढचं वाक्य स्वतःच पूर्ण करतो. आकाशाकडे बघणारा म्हातारा शेतकरी, बैलगाडी, रहाटाची विहीर, हेही त्यातलेच. तिसऱ्या अंकावरच्या वारली बायकांचंही सांगायला हवं. वारली कला पालघर-ठाणे भागातली. आपल्या आदिवासी भागाबद्दलच्या लेखावर ती लावली तर कोलाम वाचकाला काय वाटेल? तुमच्या जिल्ह्यातच कोलाम वस्त्या आहेत म्हणून विचारतो. हल्ली संगणकाकडून गावाची चित्रं करून घेतात, तिथेही एवढं बघा की बैलाचं जू मानेवर आहे की भलतीकडे. शहरात खपून जाईल, तुमचा वर्गणीदार पहिल्या नजरेत पकडेल.

पृष्ठभाग नको असतील तर दुसरा एक साठा तुमच्या डोळ्यांसमोरच आहे. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी बांधतात, एकेक १७० किलोची, त्यांवर स्टेन्सिलनं, म्हणजे अक्षरं कापलेल्या पत्र्यातून, काळ्या शाईत आकडे आणि अक्षरं मारलेली असतात. धान्याच्या पोत्यांवरचे छापही तसेच. ती अक्षरं फार जोरकस असतात. अंकाचा क्रमांकच त्या वळणात मोठा, अर्ध्या कव्हरभर छापला, ९, १०, ११, १२, तर चित्राची गरजच राहणार नाही. सूत्र एकच आणि तरी कोणता अंक कोणता यात गोंधळ नाही.

फोटोंचा उजेड सारखा ठेवायची एक युक्ती. चारही फोटो आधी काळेपांढरे करा आणि शेजारी लावा. चारही साधारण सारखे करडे दिसले पाहिजेत. कापूस पांढराफटक आणि ओटा काळपट असं असेल तर नाव एकावर काळं आणि दुसऱ्यावर पांढरं करावं लागतं आणि तिथेच मालिका फुटते. कापूस भर उन्हात काढू नका. सावलीत, खिडकीच्या उजेडात काढा, त्यात करडेपणा येतो. मग वाटलं तर रंग परत आणा, पण मी तुमच्या जागी असतो तर काळ्यासोबत दर अंकाला एकच रंग ठेवला असता. कापसाच्या अंकाला पऱ्हाटीच्या फुलाचा, ते पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, तो गुलाबी. इथे रंगाला अर्थ आला, पेंग्विनच्या रंगासारखा.

आता तुमच्या दोन संपादकांचा आग्रह. मुख्य कथेवर चित्र असावं हे ऐकायला बरोबर वाटतं. पण त्याचे तीन त्रास आहेत. कथा शेवटच्या आठवड्यात ठरते, म्हणून चित्रही शेवटच्या आठवड्यात होतं आणि आपण पुन्हा त्याच प्रेसच्या फोनपाशी येतो. दुसरा, ज्या कवीची कविता आत चांगली आहे पण कव्हरवर नाही तो मनातून नाराज होतो. तुमच्या वर्तुळात पन्नास लेखक असतील आणि ते सगळे एकमेकांना ओळखतात. तिसरा आणि मला महत्त्वाचा वाटणारा, चित्र कथेचा अर्थ आधीच सांगून टाकतं. शेवटी जी मेली ती बाई कव्हरवर असेल तर वाचायचं काय? लेखकांची नावं तळाच्या ओळीत सारख्या आकारात द्या, तेवढं पुरे. एखाद्या लेखकाची जन्मशताब्दी किंवा असाच विशेषांक असेल तेव्हा चित्र काढून टाका आणि त्या जागी नुसता सपाट रंग आणि त्यावर एका ओळीत विशेषांकाचं नाव. शिरोरेखा जागच्या जागी. लेखकाचा जुना पासपोर्ट फोटो मोठा करून लावण्यापेक्षा हे शंभरपट बरं दिसतं.

छपाईपाशी येतो, कारण पैशाचा प्रश्न इथे सुटतो. डेमी अंकाचं उघडं कव्हर सुमारे ११ × साडेआठ इंच. कडांचं ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई, धरून सव्वाअकरा × पावणेनऊ. अशी चार कव्हरं १८ × २३ च्या शीटवर बसतात, कागद धरणाऱ्या मशीनच्या ग्रिपरला जागा मात्र जेमतेम उरते. म्हणून आर्ट कार्ड २५ × ३६ चं घेऊन अर्धं कापलं तर १८ × २५ मिळतं आणि थोडी हालचाल करता येते. प्रेसवाल्याला त्याच्या मशीनचा आकार विचारून मग ठरवा. मुद्दा असा की चारही अंकांची कव्हरं एकाच शीटवर, एकाच वेळी छापून निघतात. एरवी वर्षाला चार वेळा चार रंगांच्या म्हणजे १६ प्लेटा लागतात, इथे चार. ५०० शीट आणि थोडी वाया जाणारी धरली की वर्षाची २००० कव्हरं तयार. आणि ती एकाच शाईत, एकाच दिवशी छापलेली असल्यामुळे रंग आपोआप जुळतात, ही कमाई वेगळीच.

मग दर अंकाच्या वेळी फक्त एक काळा रंग मारायचा: महिने, अंक क्रमांक, किंमत, लेखकांची नावं. म्हणून ती ओळ तळाशी घ्या म्हटलं आणि म्हणून तिथे फोटो हलका किंवा मोकळा पट्टा ठेवा, काळी अक्षरं वाचता आली पाहिजेत. कव्हरच्या आतल्या दोन्ही बाजूही त्याच वेळी काळ्यात होतात. लॅमिनेशन त्यानंतर. आधी लॅमिनेशन करून बसलात तर साध्या ऑफसेटची शाई त्यावर धरत नाही. उरलेली शीटं प्लास्टिकमध्ये गुंडाळून सपाट ठेवायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात कार्ड दमट होऊन कडा लाटांसारख्या होतात आणि मशीन ते ओढत नाही. प्रेसमध्ये जागा नसेल तर सरळ घरी आणून ठेवा, पण पलंगाखाली नको, उंदीर.

दिवाळी अंक जाड काढत असाल तर त्याचं कव्हर या शीटमध्ये घेऊ नका. ६४ पानांना सेंटर पिन (मधल्या घडीवरची पिन) पुरते, कणाच नसतो. २०० पानांना परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे गोंदाची बांधणी, आणि सुमारे ९ मिमी कणा येतो, तो कागदावर अवलंबून आणि आधी नक्की सांगता येत नाही. त्याचं कव्हर ऑक्टोबरला वेगळं छापा, मांडणी मात्र तीच. तेव्हा शीटवर एक जागा रिकामी राहील, तिथे वर्गणीची कार्डं काढून घ्या.

मलपृष्ठावर अडचण येणार ती जाहिरातीची. तुमच्या मागच्या पानावर पतसंस्थेची रंगीत जाहिरात असते आणि तिच्या पैशावर अंक चालतो, हे मला माहीत आहे. त्यांना वर्षाची एकदम द्या, चारही अंकांसाठी एकच जाहिरात, आणि दरात थोडी सूट. ती पहिल्या छपाईतच जाईल. बदलणाऱ्या जाहिराती, कृषी सेवा केंद्र, सराफ, अभिनंदनं, आतल्या काळ्या बाजूंवर. आणि मागच्या पानाचा वरचा हिस्सा, शिरोरेखेच्या वरचा, पत्त्याच्या लेबलासाठी मोकळा ठेवा. गुळगुळीत लॅमिनेशनवर पोस्टाचा शिक्का फिसकटतो आणि शाई शेजारच्या प्रतीला लागते, म्हणून शिक्का पडेल तो कागदी लेबलावर. ७० जीएसएमची (चौरस मीटरला ७० ग्रॅम) ६४ पानं आणि २५० चं कव्हर मिळून प्रत ८०-८५ ग्रॅमची होते. ३०० चं कार्ड घेऊन फार काही साधत नाही.

चार रंगही परवडत नसतील तर लाजू नका. रंगीत कार्डशीटवर नुसती काळी छपाई करा, दर अंकाला वेगळा कागद, आणि ते स्टेन्सिलचे मोठे आकडे. खरं सांगायचं तर मला स्वतःला हेच जास्त आवडेल. चकचकीत कव्हरांच्या गर्दीत तुमचा अंक हाताला वेगळा लागेल.

फाईलबद्दल थोडक्यात. फोटो प्रत्यक्ष आकारात ३०० डीपीआय हवा, म्हणजे डेमीच्या एका पानासाठी किमान १६५० × २५५० पिक्सेल, ब्लीडसाठी थोडा जास्तच. मोबाइलच्या कॅमेऱ्यात तेवढा असतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता पाठवला की दबतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फाँटऐवजी आकृती करून द्या, नाहीतर प्रेसच्या संगणकावर तो फाँट नसतो आणि वेलांट्या उडतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं टाळा, शाई भरून शिरोरेखा नाहीशी होते. आणि शेवटी कव्हर मोबाइलवर अंगठ्याएवढं करून बघा. आज बहुतेक वाचकांना अंक आधी तिथेच दिसतो. त्या आकारात नाव वाचता आलं की पास.

कोणी ठरवायचं, हेही ठरवून टाका. सहा संपादकांपैकी एकाकडे मूळ फाईल राहील. शिरोरेखा कुठे, अक्षरं कोणती, फोटो कसा, काळी ओळ कुठे, हे एका पानावर लिहून काढा. बाकीच्यांनी फोटो आणून द्यावेत, भांडावं, निवडावेत. पण ते एकदाच, डिसेंबरात. एप्रिलमध्ये कोणाला अचानक गुलमोहर सुचला तर त्याला सांगायचं की पुढच्या वर्षीच्या बैठकीत आण. वर्ष संपलं की फोटो काढण्याची पद्धत बदलायला हरकत नाही, पुढच्या वर्षी रेखाचित्रं घ्या, स्टेन्सिल घ्या. नाव आणि रेघ मात्र निदान पाच वर्षं तरी बदलू नका. वाचकाच्या डोळ्याला सवय लागायला आपल्याला वाटतं त्याहून जास्त वेळ लागतो आणि संपादकांना कंटाळा मात्र फार लवकर येतो.

जुन्या आठ अंकांचं काय करायचं, हे तुम्ही शेवटी विचारलं होतं. काही करू नका. नवी मांडणी नवव्या अंकापासून सुरू करा, त्यावर 'नव्या रूपात' वगैरे छापू नका, संपादकीयात त्याबद्दल लिहू नका. पेंटरकडून अक्षरं करून घेतलीत तर निवड करायच्या आधी त्या पाच-सहा तऱ्हा इथे टाका. मला वाटतं ते सांगेन, आणि इथे पाट्यांची अक्षरं ओळखणारे माझ्याहून जाणते लोक आहेत, तेही सांगतील.